चार सेकंदांत पाच गोळ्या

लंडन ऑलिंपिकमध्ये २०१२ साली सुभेदार विजय कुमारनं २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवलं. अंतिम फेरीत त्यानं ४० गोळ्या झाडल्या आणि त्यातल्या १० हुकल्या. सुवर्णपदक जिंकणाऱ्या क्यूबाच्या लेउरिस पुपोच्याही ६ हुकल्या होत्या. बारा वर्षांनी पॅरिसमध्ये चीनच्या ली युएहोंगला ४० पैकी ३२ वर सुवर्ण मिळालं. नेमबाजी म्हणजे श्वास रोखून, मूर्तीसारखं उभं राहून एकेक गोळी तोलूनमापून सोडणं, अशी आपली समजूत असते. दहा मीटर एअर रायफलच्या बाबतीत ती बरीचशी खरीही आहे. तिथे दशांश गुणासाठी झुंज चालते. मग इथे ऑलिंपिक विजेत्याच्या आठ-आठ गोळ्या हुकतात त्या का? पिस्तूल तेच, अंतर ठरलेलं, नेमबाज जगातला सर्वोत्तम. मग बिघडतं काय?

बिघडत काहीच नाही. वेळ मोजायला लागलं की अचूकतेचा हिशेबच बदलतो, आणि या प्रकरणात आपण तोच हिशेब मांडणार आहोत.

आधी मैदान पाहून घेऊ. पंचवीस मीटरवर एका ओळीत पाच लक्ष्यं असतात. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याचा मध्य ७५ सेंटिमीटरवर. प्रत्येक लक्ष्य म्हणजे अर्धा मीटर व्यासाची काळी चकती आणि दोन्ही बाजूंना नेम धरायला आडव्या पांढऱ्या रेषा. दहा गुणांचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे चहाच्या बशीहूनही लहान. नेमबाज एका हातात पिस्तूल धरतो. दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. 'लोड' हा हुकूम मिळतो, मॅगझिनमध्ये पाच काडतुसं जातात. मग 'अटेन्शन'. हात खाली, जमिनीकडे ४५ अंशांत. लाल दिवे लागतात आणि सात सेकंद काहीही होत नाही. हे सात सेकंद अनेकांना पुढच्या चारांपेक्षा जड जातात. हिरवा दिवा लागला की हात वर, आणि पाच लक्ष्यांवर एकेक गोळी. पात्रता फेरीत ६० गोळ्या, ३०-३० च्या दोन भागांत. प्रत्येक भागात पाच गोळ्यांच्या दोन सिरीज ८ सेकंदांच्या, दोन ६ च्या आणि दोन ४ च्या. अंतिम फेरीत मात्र सगळ्या सिरीज चार सेकंदांच्याच.

आता चार सेकंदांची फाळणी करून पाहा. दिवा दिसल्यापासून स्नायू हलेपर्यंतच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तो कुणालाच वाचवता येत नाही. हात उचलून पहिली गोळी सुटायला दीड सेकंद लागला असं धरलं, तर उरलेल्या अडीच सेकंदांत चार गोळ्या. म्हणजे एका गोळीला सहा दशांश सेकंदाच्या आसपास. तेवढ्यात पिस्तुलाचा झटका जिरवायचा, पुढच्या लक्ष्याकडे वळायचं, नेम जुळवायचा आणि चाप ओढायचा. नेम चुकला असं डोळ्याला दिसलं, तरी मेंदूनं ते ओळखून बोटाला थांबवायचं म्हटलं की त्यातला तिसरा हिस्सा खर्च. विचार करून सुधारणा करायला जागाच उरत नाही. जे घडायचं ते आधी ठरलेलं असावं लागतं.

या खेळातली खरी मेख पिस्तुलाच्या भूमितीत आहे. पिस्तुलावर मागे खाच असते आणि पुढे टोकाला माशी. खाचेच्या बरोबर मध्ये माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरच्या कडा एका रेषेत, असं दिसलं की नळी सरळ. नियमानुसार या दोहोंतलं अंतर जास्तीत जास्त २२ सेंटिमीटर. लक्ष्य मात्र २५ मीटरवर, म्हणजे या अंतराच्या सुमारे ११४ पट दूर. खाचेत माशी एक मिलिमीटर सरकली तर गोळी लक्ष्यावर ११ सेंटिमीटर बाजूला जाते, दहाच्या वर्तुळातून थेट आठात. उलट, माशी खाचेत नीट बसलेली आहे पण हातच थोडा थरथरतोय आणि पिस्तूल आहे तसंच एक सेंटिमीटर डावी-उजवीकडे सरकतंय, तर गोळीही फक्त सेंटिमीटरभरच सरकते. दहाचे दहाच राहतात.

नवशिक्याची भीती नेमकी उलटी असते. हात थरथरला की तो घाबरतो, थरथर थांबायची वाट पाहतो, आणि ती क्षणभर थांबली की चाप खसकन ओढून घेतो. त्या खसकन ओढण्यात नळीचं टोक खाली किंवा बाजूला झुकतं. मिलिमीटरभरच, पण तेवढं पुरतं. शिकवणारे म्हणूनच सांगतात की लक्ष्य धूसर दिसू दे, माशी लख्ख दिसू दे आणि हात हलतोय तर हलू दे. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दिसते. खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही लख्ख दिसतील असा डोळा निसर्गानं दिलेला नाही, आणि निवड करायचीच तर ती माशीची करायची.

अंतिम फेरीत गुण मोजतच नाहीत. गोळी ९.७ किंवा त्याच्या आत बसली तर लागली, बाहेर गेली तर हुकली. विजय कुमारच्या दहा गोळ्या हुकल्या याचा अर्थ त्या भिंतीत गेल्या असा नाही. ९.६ ला बसलेली गोळीसुद्धा हुकलेलीच धरतात. आणि १०.९ ला, अगदी केंद्रात बसलेल्या गोळीला ९.७ पेक्षा काडीचंही जास्त मिळत नाही. याचा परिणाम खोलवर होतो. पहिल्या लक्ष्यावर नेम पुरेसा जुळला असताना तो आणखी सुंदर करण्यात घालवलेले दोन दशांश सेकंद पाचव्या लक्ष्याच्या खिशातून जातात. कितपत जुळलं म्हणजे पुरे, हे क्षणात ओळखता येणं हे या नेमबाजाचं खरं कसब. सिनेमातले नायक दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन ज्या वेगानं गोळ्या उडवतात त्याला वेग म्हणतात, पण त्यात नेम कुठे असतो हे दिग्दर्शकालाच ठाऊक.

हे कसब सरावात कसं आणायचं? पहिलं आश्चर्य म्हणजे बहुतेक सराव गोळीशिवाय होतो. त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः उघडून, डोळ्यांनी पाहून खात्री करायची, काडतुसं त्या खोलीतच नाहीत याची दुसरी खात्री करायची, आणि नळी कायम अशा भिंतीकडे ठेवायची जिच्यापलीकडे माणसांचा वावर नाही. हा झाला सरावातला पहिला धडा, आणि तो रोज पहिलाच राहतो. त्यानंतर भिंतीवर छोटी पाच वर्तुळं चिकटवतात. खोलीच्या लांबीप्रमाणे त्यांचा आकार आणि त्यांच्यातलं अंतर कमी करतात, म्हणजे डोळ्याला ती पंचवीस मीटरवरच्यासारखीच दिसतात.

सर्वांत जास्त घोटला जातो तो हात उचलण्याचा भाग. दिसायला साधा, पण अर्धी सिरीज त्यात ठरते. हात ४५ अंशांतून वर येताना खांदा उचकू द्यायचा नाही, मनगट कुलूप लावल्यासारखं पक्कं. वाटेतच चापाचा पहिला टप्पा घ्यायचा. या पिस्तुलांचा चाप ओढायला किमान एक किलो वजनाइतका जोर लागावा असा नियम आहे. त्यातलं बरंचसं वजन हात वर पोचेपर्यंत बोटावर आलेलं असलं पाहिजे. लक्ष्याच्या मध्याशी पोचता पोचता हात मंदावतो, माशी खाचेत दिसते आणि उरलेलं थोडंसं वजन गोळी सोडतं. हात वर पोचवून, थांबून, मग चापाला सुरुवात करणाऱ्याची पहिली गोळी हमखास उशिरा सुटते आणि मग उरलेल्या चार तो घाईनं भरून काढायला बघतो. रेंजवर पाचवी गोळी हुकलेली दिसली, तर जाणता कोच बऱ्याचदा पाचव्या गोळीबद्दल बोलतच नाही. तो पहिलीबद्दल विचारतो.

म्हणूनच प्रत्यक्ष गोळ्या झाडतानाही पाचही लक्ष्यांची सिरीज रोज करत बसत नाहीत. एकच गोळी: दिवा, हात वर, गोळी, हात खाली. हेच पुन्हा पुन्हा. ते बसलं की दोन लक्ष्यं, मग तीन. दुसऱ्या गोळीचा सराव वेगळा करावा लागतो, कारण पहिला झटका जिरवून पुन्हा नेम जुळवणं तिथेच पहिल्यांदा येतं. वळण्याचंही तसंच. शेजारच्या लक्ष्याकडे जायला पिस्तुलाला जेमतेम पावणेदोन अंश वळायचं असतं. पाचही लक्ष्यांचा पल्ला सात अंशांच्या आतलाच. हे वळणं हातानं करायचं नसतं. हात नुसता वळवला की खांद्याचा कोन बदलतो आणि माशी खाचेतून निसटते. कंबरेपासून वरचं सगळं धड एकसंध वळतं. पाय आधी अशा दिशेनं रोवलेले असतात की शरीर मोकळं सोडलं तर पिस्तूल आपोआप मधल्या लक्ष्याकडे बघेल. पायांची ही जागा अंदाजानं लावली की शेवटच्या लक्ष्यापर्यंत पोचताना पीळ बसतो आणि गोळ्या एका बाजूला साचतात.

वेग वाढवायची रीत तबल्याच्या रियाजासारखी आहे. बोल ठाय लयीत स्वच्छ निघाले तरच दुगुणीकडे जायचं. आठ सेकंदांत पाचही गोळ्या दहाच्या आसपास बसतात, लय सारखी आहे, असं दिसल्यावर सहा, मग चार. काही कोच मध्येच उलटा प्रयोग करतात. नेमबाजाला मुद्दाम त्याच्या कुवतीपेक्षा कमी वेळ देतात, गोळ्या कुठेही जावोत. हेतू असा की शरीर त्या वेगाला एकदा सरावलं की चार सेकंद ऐसपैस वाटू लागावेत. दोन्ही रीतींचे पुरस्कर्ते आहेत. मला पहिली जास्त पटते, कारण कुवतीपलीकडच्या वेगात झालेली चूकही हाताला तितकीच पाठ होते. पण नुसत्या संथ लयीत अडकून बसलेले नेमबाजही असतात. ते आठ सेकंदांच्या सिरीजला राजे आणि चारच्या सिरीजला रंक.

एका दुखण्यावर खास इलाज आहे. गोळी सुटणार हे कळत असल्यामुळे शरीर आधीच दचकतं आणि मनगट झटक्याला तोंड द्यायला क्षणभर आधीच खाली ढकलतं. झटक्याच्या गडबडीत हे दचकणं दिसत नाही. म्हणून दुसऱ्या कुणाकडून मॅगझिन भरून घेतात आणि त्यात अधूनमधून दारू नसलेलं सरावाचं काडतूस घालायला सांगतात. कोणतं कितवं आहे हे नेमबाजाला ठाऊक नसतं. ते काडतूस आलं की आवाज होत नाही, पण नळी भसकन खाली झुकलेली सगळ्यांना दिसते. नेमबाजालाही. याहून कमी शब्दांत चूक दाखवणारा शिक्षक नाही.

दचकणं कमी व्हावं म्हणून पिस्तुलंही तशी घडवलेली असतात. इटलीच्या पार्दिनी कंपनीच्या पिस्तुलात मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे असतं आणि नळी हाताच्या शक्य तितकी जवळ, खाली बसवलेली असते. झटका त्यामुळे मनगट वर उचलण्याऐवजी सरळ मागे येतो. एके काळी या प्रकारात पॉइंट टू टू कॅलिबरची आखूड काडतुसं चालत. झटका जवळजवळ नाहीच, आणि चापही अगदी हलका. २००५ पासून नियम कडक झाले. नेहमीचं लाँग रायफल काडतूस आणि एक किलोचा चाप सक्तीचा झाला. जुन्या खेळाडूंना आपली लय नव्यानं बसवावी लागली.

वेग आणि अचूकतेचा सौदा आकड्यात मांडण्याची आणखी एक पद्धत आहे आणि ती ऑलिंपिकबाहेरची. अमेरिकेत जेफ कूपर आणि त्याच्यासारख्यांनी व्यवहारी नेमबाजीचा खेळ उभा केला. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया इथे स्थापन झाली आणि कूपर तिचा पहिला अध्यक्ष. संघटनेच्या बोधवाक्यात तीन लॅटिन शब्द आहेत. अचूकता, ताकद आणि वेग असा त्यांचा आशय. इथे दोन्ही हातांनी पिस्तूल धरतात, हलतात, वळतात आणि गुणांना सेकंदांनी भागतात. कूपरनं रचलेली 'एल प्रेसिडेंते' ही कसरत प्रसिद्ध आहे. दहा यार्डांवर तीन लक्ष्यं, नेमबाज पाठमोरा. इशारा होताच वळायचं, पिस्तूल काढायचं, प्रत्येक लक्ष्यावर दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा प्रत्येकावर दोन. १२ गोळ्या, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ म्हणजे एकूण ६० गुण. कूपरच्या काळी दहा सेकंद ही कसोटी होती. आजचे अव्वल खेळाडू त्याच्या निम्म्या वेळाच्या आसपास ती पुरी करतात.

आता भागाकार करून पाहा. दहा सेकंदांत पूर्ण ६० गुण घेतले तर उत्तर ६. दुसऱ्यानं घाई केली, सहा गुण गमावले, पण आठ सेकंदांत संपवलं, तर ५४ भागिले ८, म्हणजे पावणेसात. घाई करणारा जिंकला. पण त्याच आठ सेकंदांत त्याचे १५ गुण गेले असते तर उत्तर साडेपाचाच्या थोडं वर आलं असतं आणि तो हरला असता. कुठवर घाई परवडते याची सीमा हा भागाकार रोख सांगतो. तिथल्या खेळाडूंच्या आणखी एका कसरतीचं नाव 'बिल ड्रिल'. सात यार्डांवर एकच लक्ष्य, सहा गोळ्या, सगळ्या मधल्या भागात बसल्याच पाहिजेत. लक्ष्य जवळ आणि मोठं असल्यानं नेम जुळवण्याला फारसा वेळ लागत नाही. मुठीची पकड ढिली असली तर मात्र तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून माशी वर वर भरकटू लागते. पकड तपासायचं ते यंत्रच आहे म्हणा ना. आपल्याकडे पिस्तूल नेमबाजी मुख्यतः ऑलिंपिक पद्धतीची. शस्त्र कायदाही कडक. त्यामुळे हा खेळ इथे फारसा दिसत नाही.

पुन्हा पाच लक्ष्यांकडे येऊ. हंगेरीच्या कारोय ताकाचची गोष्ट व्याख्यानांतून इतकी ऐकवली जाते की तिचा गुळगुळीत दगड झालाय. १९३८ मध्ये सैन्यातल्या सरावात हातबॉम्बचा स्फोट होऊन त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हातानं शिकला, १९३९ मध्ये राष्ट्रीय विजेता झाला आणि महायुद्धानं दोन ऑलिंपिक गिळल्यानंतर १९४८ मध्ये लंडनला ५८० गुणांच्या विश्वविक्रमासह त्यानं रॅपिड फायरचं सुवर्ण मिळवलं. १९५२ मध्ये हेलसिंकीला पुन्हा. जिद्द वगैरे खरंच. पण नेमबाजीच्या दृष्टीनं प्रश्न वेगळा आहे: एका वर्षात हे शक्य कसं झालं? माझ्या मते त्याचं उत्तर असं की बोट आणि मनगट सोडलं तर त्याच्याकडचं काहीच गेलं नव्हतं. हात कधी उचलायचा, कुठे मंदावायचं, कितपत जुळलं की सोडायचं, ही लय त्याच्या डोळ्यांत आणि धडात शाबूत होती. नव्या हाताला फक्त ती ऐकायला शिकायचं होतं.

महिलांचा २५ मीटर प्रकार वेगळा आहे. तिथे ३० गोळ्या संथ आणि ३० वेगवान. वेगवान भागात लक्ष्य एकच, प्रत्येक गोळीला तीन सेकंद, मध्ये सात सेकंदांची विश्रांती आणि दर वेळी हात पुन्हा खाली. म्हणजे हात उचलण्याची तीच परीक्षा सतत. अंतिम फेरीतली कसोटी पुरुषांपेक्षा कडक आहे. १०.२ च्या आत बसली तरच लागली. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१३ मध्ये कोरियातल्या चांगवोनला याच प्रकारात विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. पिस्तूल नेमबाजीत असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. पुढे कोपराच्या दुखापतीनं तिला बराच काळ छळलं. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत इंडोनेशियातल्या पालेम्बांगला ती आणि थायलंडची नफस्वान यांगपाइबून ३४-३४ वर बरोबरीत आल्या. पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, ४-४. पुन्हा पाच. राही ३, प्रतिस्पर्धी २. दोघींच्याही गोळ्या त्या दुसऱ्या वेळी आधीपेक्षा जास्त हुकल्या. ताण वाढला की काय होतं, हे त्या आकड्यांत दिसतं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली.

कुणाला हे शिकायचं असेल तर सुरुवात दहा मीटर एअर पिस्तुलानं होते आणि ते बरंच आहे. चापावरचं बोट आणि माशीवरची नजर तिथेच घडते. एअर पिस्तुलाची रेंज एखाद्या सभागृहात मावते, पंचवीस मीटरची मावत नाही. शिवाय तिथे परवान्याचं शस्त्र आणि काडतुसांचा खर्च आला. म्हणून अशा रेंज कमीच. पुण्याचं बालेवाडी, कोल्हापूरचं दुधाळी ही महाराष्ट्रातल्या नेमबाजांच्या ओळखीची ठिकाणं. राज्य स्पर्धेनंतर राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून एक अखिल भारतीय स्पर्धा होते. तिला लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांचं नाव आहे. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष. तिथवर पोचलेल्या मुलांना विचारलं तर बहुतेक जण सांगतील की महिन्याला मिळणारी काडतुसं मोजकीच असतात, आणि घरच्या भिंतीवरची पाच वर्तुळं मात्र रोज वाट पाहतात.